राग ही पहिली सूचना नाही



श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 62 आणि 63 हे श्लोक आपल्यापैकी अनेकांना पाठ असतील. मनुष्याची घसरण कोणत्या क्रमाने होते ते तिथे सांगितले आहे : विषयांचे चिंतन, आसक्ती, कामना, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. मी हे श्लोक शाळेपासून म्हणत आलो, पण पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. क्रोध चौथ्या पायरीवर आहे.

आपल्याला जाग येते ती मात्र बहुधा क्रोधानेच. घरात आवाज चढला की आपण म्हणतो, ‘साधना कमी पडते आहे.’ तोवर तीन पायऱ्या उतरून झालेल्या असतात. डोळा लवला, मांजर आडवे गेले, तर आपण लगेच संकेत शोधतो. पण या तीन पायऱ्यांवरचे संकेत इतके साधे असतात की ते संकेत वाटतच नाहीत.

माझाच अनुभव सांगतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मित्राचे पाहून मी शेअर बाजारात, ऑप्शन्समध्ये, शिकवण्यांचे साठवलेले पैसे घातले. सुरुवातीला थोडा नफाही झाला. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि माझी जपाची वेळ साडेआठची. पूर्वी जपाला बसताना फोन आतल्या खोलीत असायचा. आता तो आसनाशेजारी आला. बाहेरून पाहता एवढाच बदल. माळ पूर्वीसारखीच 108 मण्यांची होत होती, पण मेरुमणी बोटाला कधी लागला हे कळेनासे झाले.

एकदा आईने सहज विचारले, “कुणाचा मेसेज आहे रे सारखा?” मी म्हणालो, “कॉलेजचा ग्रुप.” पैसे माझे होते, कुणी मनाई केली नव्हती. तरी खोटे का बोललो?

आम्ही हिशेब शिकतो तेव्हा तेरीज जुळली नाही, तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. दोन्ही बाजू समान दिसू लागतात, पण चूक आत जिथल्या तिथेच असते. ‘कॉलेजचा ग्रुप’ ही माझी सस्पेन्स खात्यातली नोंद होती.

पुढे महिनाभराने आई जेवायला बोलवायला आली आणि मी तिच्यावर खेकसलो. त्या दिवशी साडेतीनला बाजार बंद झाला, तेव्हा साठवलेल्यातले बरेचसे गेले होते. सेबीने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेल्याचे म्हटले आहे. हा आकडा मला आधीपासून माहीत होता. परीक्षेच्या तयारीत वहीत लिहूनही घेतला होता. स्मृतिभ्रंश म्हणजे विसरणे, असे मला वाटायचे. मी काहीच विसरलो नव्हतो. जे ठाऊक होते ते हवे त्या क्षणी उभे राहिले नाही, एवढेच.

तेव्हापासून रात्री झोपण्यापूर्वी मी एक प्रश्न स्वतःला विचारतो : आज कुणाच्या साध्या प्रश्नाला मी वाकडे उत्तर दिले? पुष्कळदा काही सापडत नाही. सापडले, तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला खरे काय ते सांगून टाकतो. हे अवघड जाते, विशेषतः घरच्यांशी. एक काळजी मात्र घ्यावी : ही तपासणी स्वतःपुरतीच ठेवावी. दुसऱ्याच्या पायऱ्या मोजायला लागलो की तेही विषयांचे चिंतनच होते.

आईला सगळे सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती. “फोन देवापाशी आणायला लागलास, तेव्हाच वाटलं होतं,” म्हणाली. आता जपाच्या वेळी फोन तिच्याकडे, स्वयंपाकघरात असतो.