दूरचित्रवाणीचे जुने कॅमेरे व चित्रफीत
(इयत्ता सातवीच्या सामान्य विज्ञानास पूरक पाठ)

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सांगली-सातारा भागातून मुंबईच्या गिरण्यांत नोकरीस गेलेल्या व पुढे गावी परतलेल्या वृद्धांना त्या केंद्रावरील 'चिमणराव' ही मालिका व तिच्यातील दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची जोडी अद्याप आठवते. परंतु केंद्राच्या पहिल्या दशकातील पुष्कळसे कार्यक्रम आज नातवंडांना दाखविता येत नाहीत. ते का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाठास प्रारंभ करावा. त्याचे उत्तर चुंबकाच्या पाठात दडलेले आहे.

प्रथम चित्र कसे घेतले जाते हे सांगावे. माधवनगरसारख्या यंत्रमागांच्या गावी यासाठी फळ्यावर आकृती काढण्याचीही गरज नाही. मुलांना धोट्याच्या मागावर न्यावे. धोटा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातो व प्रत्येक खेपेस एक आडवा धागा टाकतो. अशा धाग्यास धागा लागून कापड तयार होते. जुन्या कॅमेऱ्यात काचेची एक निर्वात नळी असे. भिंगातून आलेले चित्र तिच्या प्रकाशसंवेदी पडद्यावर पडे, आणि इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत तो पडदा ओळीओळीने चाचपीत जाई. जेथे उजेड अधिक तेथे विद्युत्प्रवाह एका प्रमाणात, जेथे अंधार तेथे दुसऱ्या प्रमाणात मिळे. आपल्या देशात एका चित्राच्या ६२५ ओळी व सेकंदास २५ चित्रे ही पद्धत होती. सेकंदाला ओळी किती, हा गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर १५,६२५ येईल. मात्र मागाचा दाखला फार ताणू नये. धोटा जाता-येता दोन्ही वेळा धागा टाकतो, झोत मात्र परतताना रिकामा येतो. शिवाय तो आधी विषम ओळी व मागाहून सम ओळी वाचतो.

या नळ्यांना उजेड भरपूर लागे. त्यामुळे चित्रीकरणाच्या दालनात प्रखर दिव्यांची रांग असे व कलावंत घामाघूम होत. आजच्या कॅमेऱ्यात नळीऐवजी नखाएवढी चकती असते.

आता साठवणीकडे वळावे. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी भारतातील दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा कार्यक्रम बहुतांशी घडत असतानाच प्रक्षेपित होत. चुंबकीय फितीवर आवाज उतरविण्याची विद्या त्यापूर्वीच साधली होती. मग चित्र उतरविण्यास अडचण कोणती? अडचण वेगाची होती. आवाजाच्या लहरी सेकंदास काही हजार, तर चित्राच्या काही लाख. त्या मावाव्यात म्हणून फीतच जोराने पळविण्याचा प्रयत्न प्रथम झाला. बी.बी.सी.ने १९५८ साली दाखविलेल्या 'व्हेरा' या यंत्रात फीत सेकंदास सुमारे २०० इंच धावे, आणि दीड फुटाहून मोठे रीळ पंधरा मिनिटांत संपे.

अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ सालीच निराळी युक्ती काढली होती. फीत दोन इंच रुंद केली व ती सेकंदास १५ इंच इतक्या सावकाश सोडली. त्याऐवजी चुंबकीय शीर्षेच फिरविली. सुमारे दोन इंच व्यासाच्या चक्रावर चार शीर्षे बसवून ते मिनिटास १४,४०० वेळा फिरविले. शीर्षे फितीच्या रुंदीवर आडव्या रेघा ओढीत जात. येथे थांबून गणित घालावे : चक्राचा परीघ सुमारे सव्वासहा इंच, सेकंदास २४० फेरे, तर शीर्षाचा वेग किती? उत्तर दीड हजार इंचांच्या घरात येते, म्हणजे फितीच्या वेगाच्या शंभरपट. विज्ञानाच्या तासाला गणित आले म्हणून कुरकुरणाऱ्या मुलालाही हा भागाकार आवडेल.

ही फीत जोडणे नाजूक काम होते. चित्र डोळ्यांना दिसत नसे. म्हणून फितीवर लोहकणांचे द्रावण लावीत, त्यामुळे रेघा उमटत. त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नेमक्या जागी पात्याने कापीत.

याचाच लहान प्रयोग वर्गात करावा. शिवणाची सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासावी व लोहकिसात बुडवावी, कीस चिकटेल. मग ती चिमट्यात धरून शिक्षकांनी स्वतः ज्योतीवर लाल होईतो तापवावी व थंड झाल्यावर पुन्हा बुडवावी. कीस चिकटणार नाही. सुई मात्र जशीच्या तशी असते व तिला पुन्हा चुंबक करता येते.

फितीचेही तसेच. तिच्यावरील मजकूर चुंबकानेच पुसून ती पाटीप्रमाणे पुन्हा वापरता येई. फीत महाग असे, आपल्याकडे ती परदेशातून मागवावी लागे. तेव्हा कालचा कार्यक्रम पुसून त्यावर उद्याचा उतरविणे काटकसरीचे वाटे. हे केवळ आपल्याच देशात झाले असे नाही. बी.बी.सी.नेही आपल्या अनेक मालिका अशाच पुसल्या. जुलै १९६९ मध्ये मानव चंद्रावर उतरला, त्या प्रसंगाच्या मूळ चुंबकीय फितीदेखील पुढे पुन्हा वापरासाठी पुसल्या गेल्या असाव्यात, असे नासाने २००९ साली सांगितले. जगाने त्या रात्री पाहिलेल्या चित्राच्या प्रती उरल्या, परंतु चंद्रावरून आलेले मूळ, अधिक स्पष्ट चित्र गेले.

पाठानंतर मुले उत्साहाने घरातील लग्नाच्या किंवा आजोबांच्या आवाजाच्या जुन्या फिती शाळेत आणतील. त्या पाहून झाल्यावर लगेच परत कराव्यात व लोहचुंबकाच्या पेटीपासून दूर ठेवाव्यात. प्रयोगास सुई पुरे.