डिलिव्हरीची सायकल चोरीला जाऊ नये म्हणून : जागा, कुलूप आणि कागद



घरपोच सेवेचा खर्च कसा काढायचा, हे आपण मागच्या व्हिडिओत पाहिलं. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपापले तक्ते पाठवले. जवळजवळ प्रत्येक तक्त्यात सायकलपुढे एकच आकडा होता, खरेदीची किंमत. कुलपाची ओळच नव्हती. तुम्हाला नावं ठेवत नाही, कारण माझ्या पहिल्या तक्त्यातही ती नव्हती. ती नसल्याने काय झालं, ते आधी सांगते.

लालबागला माझं मसाल्याचं आणि फराळाचं छोटं दुकान आहे. एका दिवाळीत डिलिव्हरीला एक पोरगा ठेवला. सायकल त्याची स्वतःची. मला बरंच वाटलं, खर्च वाचला. वसुबारसेच्या संध्याकाळी तो परळच्या एका टॉवरमध्ये गेला. वॉचमनने सायकल आत घेऊ दिली नाही. त्याने बाहेर फुटपाथला स्टँडवर लावली, मागच्या चाकाचं गोल कुलूप फिरवलं, चावी खिशात टाकली आणि वर गेला. लिफ्टला गर्दी होती. खाली आला तर सायकल नाही, क्रेट नाही, क्रेटमधले दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांचे डबेही नाहीत.

धावत दुकानात आला. आणि मी काय म्हणाले? "सायकल तुझी होती ना, मग नीट लावायची." डबे मी पुन्हा भरून दिले, पण सायकलचं नाव काढलं नाही. पुढचे चार दिवस त्याने पायी डिलिव्हरी केली. भाऊबीजेनंतर तो आलाच नाही. त्या वर्षी मी एक चांगला माणूस गमावला, आणि तोही माझ्याच तोंडाने. बीबीएला घसारा शिकले होते, पण हा तोटा कुठल्या खात्यात लिहायचा ते कुणी शिकवलं नव्हतं.

आजचा धडा त्यातूनच आलाय.

१. आधी हिशोब : सायकल गेली तर खरं किती जातं?

कागद घ्या. समजा जुनी सायकल ४,००० रुपयांची आहे. दिवसाला १५ ऑर्डर, सरासरी ३०० रुपयांची एक, म्हणजे ४,५०० ची विक्री. त्यात २० टक्के सुटतात असं धरलं तर रोजचा नफा ९०० रुपये. नवी सायकल आणून, कॅरियर-क्रेट बसवून पुन्हा रस्त्यावर यायला चार दिवस जातात. तेवढ्या दिवसांत निम्म्या ऑर्डर पायी पोचल्या, तरी १,८०० रुपये बुडाले. क्रेटमधला माल ६०० चा. बेरीज झाली ६,४०० रुपये. शिवाय ज्या गिऱ्हाइकाचा डबा वेळेवर गेला नाही, ते पुढच्या वेळी दुसरीकडे फोन करतं, ते वेगळंच.

म्हणून माझा नियम असा : कुलपाचं बजेट सायकलच्या किमतीवर ठरवू नका, एका दिवसाच्या नफ्यावर ठरवा. "चार हजारांच्या सायकलला नऊशेचं कुलूप कशाला?" असं वाटतं. पण ते कुलूप सायकलसाठी नाही, तुमच्या रोजच्या फेरीसाठी आहे.

२. जागा

गोल कुलूप चाक फिरू देत नाही, इतकंच त्याचं काम. सायकल उचलून टेम्पोत टाकली तर ते काही करू शकत नाही. म्हणून सायकल कशाला तरी बांधलेली हवी. बांधण्याआधी तीन गोष्टी तपासा.

- हाताने जोरात हलवून बघा. कठडा सैल आहे का, नट हाताने सुटतात का?
- खांब वरून मोकळा आणि बुटका आहे का? असेल तर साखळीसकट सायकल वरून निघते.
- येणाजाणाऱ्याची नजर पडते का? अंधारी बोळ सोयीची वाटते, पण ती चोरालाही तितकीच सोयीची.

गॅसची पाइप, पाण्याची पाइप, विजेचा बॉक्स आणि दुसऱ्याचं फाटक, इथे कधीच बांधू नका. गिरगावातल्या चाळीत जिन्याखाली लावत असाल तर आधी मालकाला किंवा कमिटीला विचारा, आणि येण्याजाण्याची वाट अडवू नका. आग लागली तर तीच वाट लागते. रात्रीसाठी दुकानाच्या आत जागा होत असेल तर उत्तम. नसेल तर परवानगी घेऊन भिंतीत लोखंडी कडी पक्की बसवून घ्या.

टॉवरमध्ये जायचं असेल तर पहिल्याच फेरीत वॉचमनशी बोला. "दादा, रोज या वेळेला येतो, दहा मिनिटं केबिनसमोर लावू का?" असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. रोजच्या गिऱ्हाइकाला सांगून सोसायटीकडूनही तशी सोय करून घेता येते. माझ्या त्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं. ते काम माझं होतं.

आणखी एक. गणपतीत लालबाग-परळमध्ये नेहमीची जागा गृहीत धरू नका. रस्ते बंद होतात, रांगा लागतात, उभी सायकल कुणीतरी बाजूला सरकवतं. ते दहा दिवस जागा आधीच ठरवून ठेवा.

३. कुलूप

बारीक केबल लॉक साध्या कटरने तुटतं. दोन मिनिटं नजरेसमोर सायकल ठेवायची असेल तर चालेल, त्याहून जास्त नाही. रोजच्या धंद्याला दोनच पर्याय : कडक पोलादाचं यू-लॉक, किंवा जाड कडक पोलादी साखळी आणि तिला शोभेल असं कुलूप. साखळी भारी आणि कुलूप डब्याच्या कडीचं, असं करू नका. चोर नेहमी कमजोर बाजू शोधतो. साखळी मीटरवर घ्यायची तर नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात चक्कर मारा, पण कडक पोलादाचीच मागा. साधी लोखंडी साखळी नुसती जड असते.

लावायची पद्धत :

- साखळी फ्रेम, मागचं चाक आणि खांब, तिन्हींतून न्या. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक राहतं आणि सायकल जाते.
- साखळी सैल सोडू नका. मोकळी जागा राहिली की तिथे पहार घालता येते.
- कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीवर ठेवून हातोडा मारणं सोपं असतं.
- चावीचं भोक खाली ठेवा, पाऊस आत जात नाही.
- गोल कुलूपही लावाच. दोन प्रकारची कुलपं असली की दोन प्रकारची हत्यारं लागतात.

मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत कुलूप गंजतं, चावी अडकते, आणि मग पोरगं म्हणतं, "दोन मिनिटांचंच काम आहे, राहू दे." चोरी त्याच दोन मिनिटांत होते. जूनच्या आधी आणि नंतर दर पंधरवड्याला मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. दुसरी चावी दुकानाच्या गल्ल्यात ठेवा.

४. खूण

आपल्या डबेवाल्यांकडे बघा. १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा आजही डब्यावरच्या खुणेवर चालते. खुणेवरून कळतं की डबा कुठून आला आणि कुठे जायचाय. आता तुमची सायकल बघा. तशाच शंभर काळ्या सायकलींत तुमची कोणती, हे पोलिसाला कसं दाखवाल?

दुकानाचं नाव आणि फोन नंबर ऑइल पेंटने फ्रेमवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. मडगार्डवर नको, मडगार्ड बदलता येतं. सीटच्या नळीच्या आत नावाची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. रंग खरवडला तरी ती राहते. रंगवलेली सायकल विकायला अवघड जाते, आणि वर तुमच्या दुकानाची फुकट जाहिरात होते.

५. कागद

सायकल उलटी करा. पेडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या खाली बहुधा फ्रेम नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर सीटच्या किंवा हँडलच्या नळीवर बघा. त्याचा फोटो, पूर्ण सायकलचा फोटो आणि बिलाचा फोटो मोबाइलवर ठेवा, आणि घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

बिल इतकं महत्त्वाचं का, ते समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. हा प्रकार अदखलपात्र ठेवलाय. अदखलपात्र म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. म्हणून किंमत फुगवू नका, पण कमीही सांगू नका. सायकल, कॅरियर, क्रेट, कुलूप आणि क्रेटमधला माल, सगळ्याची खरी बेरीज सांगा आणि बिलं दाखवा.

जुनी सायकल घेताना विकणाऱ्याचं नाव, सही आणि ओळखपत्राची प्रत असलेली पावती घ्या. चोरीचा माल आहे हे कळत असून घेणं हाही गुन्हा आहे, कलम ३१७. फारच स्वस्त मिळत असेल तर का, ते विचारा.

विम्याचंही बघा. दुकानदारांसाठीच्या पॅकेज पॉलिसीत अनेक कंपन्या पेडल सायकलचा वेगळा भाग देतात. एजंटला दोनच प्रश्न विचारा : दुकानाबाहेर, रस्त्यावरून चोरी झाली तर धरता का? आणि कुलूप लावल्याचा काय पुरावा लागतो? उत्तर पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा.

६. गेलीच तर

त्याच तासात आजूबाजूच्या दुकानांत आणि सोसायटीत कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगा, कारण काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. मग पोलिस ठाण्यात जा. ऑनलाइन "हरवल्याची" नोंद करून समाधान मानू नका. हरवणं वेगळं आणि चोरी वेगळी, विम्यालाही चोरीचीच तक्रार लागते. गुन्हा दखलपात्र असेल तर हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात तो नोंदवून घ्यावा लागतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. अदखलपात्र नोंद झाली तरी तिचा नंबर घेऊनच बाहेर पडा.

७. जबाबदारी कुणाची?

आता माझ्याकडे दुकानाच्या मालकीची सायकल आहे. पण मुलगा स्वतःची सायकल घेऊन आला, तरी कुलूप दुकानाचं असतं, आणि कामावर असताना सायकल गेली तर भरपाई दुकान देतं. हे पहिल्याच दिवशी लिहून दिलेलं असतं. त्या बदल्यात त्याच्याकडून एकच नियम मागते : सायकल सोडून दोन पावलं जरी जायचं असलं, तरी कुलूप लावायचं. ते लावायचं राहिलं तर पहिल्यांदा बोलते, पगार कापत नाही. नियम दोन्ही बाजूंना असला की पाळला जातो.

तो पोरगा पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. त्याला सायकल द्यायची राहिली. तुमच्याकडे असं काही राहू नये, म्हणून हे लिहिलं.

गृहपाठ : आज रात्री दुकान बंद करताना तीन कामं करा. फ्रेम नंबरचा फोटो काढा. तुमच्या एका दिवसाचा नफा आणि तुमच्या कुलपाची किंमत शेजारी शेजारी लिहा. आणि उद्याच्या फेरीतली प्रत्येक थांबण्याची जागा डोळ्यांसमोर आणून तिथे सायकल कशाला बांधणार, ते ठरवा. जिथे उत्तर सापडणार नाही, तिथल्या वॉचमनशी किंवा गिऱ्हाइकाशी उद्याच बोला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, आणि धंद्यासाठी पळणाऱ्या माणसालाही.