घरच्या बकेटमधल्या नोंदी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. गावोगाव फिरून जमवलेले त्यांचे कागद आणि टिपणं धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जपली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्याआधीच छापून ग्रंथालयांत पोचले होते, म्हणून तो मजकूर एका कपाटावर अवलंबून राहिला नाही. राखणारं कुणीतरी आणि दुसऱ्या जागी प्रत, या दोन्हींची गरज कागद गेले म्हणून संपलेली नाही. जळगावात किंवा धुळ्यात घरच्या मशीनवर ऑब्जेक्ट स्टोरेज मांडून फोन आणि लॅपटॉपवरच्या नोंदी सिंक करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, सिंक झालं म्हणजे नोंदी सुरक्षित झाल्या असं समजू नका.

सिंकचं काम दोन्ही बाजू सारख्या करणं, एवढंच. फोनवर फोल्डर चुकून पुसला गेला, तर पुढच्या फेरीत तो बकेटमधून, म्हणजे घरच्या मशीनवरच्या साठ्यातून, जातो आणि तिथून लॅपटॉपवरूनही. यंत्र कुठेच चुकलेलं नसतं, म्हणूनच हे नुकसान उशिरा लक्षात येतं. शिवाय ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये एका ओळीसाठीही अख्खी फाइल नव्याने ठेवली जाते. एकच नोंद दोन उपकरणांवर बदलली आणि अ‍ॅपने ते ओळखलं नाही, तर नंतर पोचलेली प्रत आधीच्या प्रतीवर बसते. यावरचा उपाय बकेटमध्ये जुन्या आवृत्त्या राखणं. तो पर्याय चालू असेल तर पुसलेल्या फाइलवर फक्त खूण पडते, मजकूर मागे शिल्लक राहतो. मात्र ही सोय सगळीकडे नाही. ‘गॅरेज’ हे ऑब्जेक्ट स्टोरेजचं सॉफ्टवेअर हलकं आणि लहान मशीनवर चालणारं, पण आवृत्त्या राखत नाही. तिथे ‘रेस्टिक’सारख्या साधनाने रोज वेगळा बॅकअप घ्यावाच लागतो. ‘मिनिओ’ हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर आवृत्त्या राखतं, पण २०२५ मध्ये त्याच्या मोफत आवृत्तीच्या वेब-पडद्यावरून व्यवस्थापनाच्या बहुतेक सोयी काढल्या गेल्या. म्हणून नोंदी साध्या मार्कडाउन फाइलींतच ठेवाव्यात. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी त्या वाचता येतील.

कुणी म्हणेल, दोन डिस्क जोडल्यात, आणखी काय हवं? एक डिस्क बिघडली तर त्या उपयोगी पडतात. पुसण्याची आज्ञा मात्र दोन्हींवर एकदमच पोचते, आणि चोरी किंवा विजेचा झटका दोन्ही डिस्क एकदम नेतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बंद खोलीतल्या मशीनचं काय होत असेल याचा विचार करा. यूपीएस हवाच, पण खरी सुरक्षितता दुसऱ्या गावातल्या प्रतीत आहे. जळगाव आणि धुळे यांत सुमारे ९० किलोमीटर अंतर आहे. एका गावच्या मशीनची प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवता येते, तीही कुलूपबंद करून, म्हणजे ज्याच्याकडे ठेवली त्यालाही ती वाचता येणार नाही. त्या कुलपाचा पासफ्रेज कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. तो हरवला तर धड असलेली प्रतही उघडत नाही.

एवढी यातायात करण्यापेक्षा मोठ्या कंपनीची सेवा का नको, हा आक्षेप रास्त आहे. ज्याला महिन्यातून तासभरही देता येणार नाही त्याने तीच घ्यावी, असं मी मोकळेपणाने सांगेन. स्वतःच्या मशीनमुळे नोंदींचा ताबा आपल्याकडे येतो, आणि त्यासोबत राखणदारीही. ती पेलायची असेल तर फोन जोडण्याआधी बॅकअपमधल्या नोंदी एका रिकाम्या लॅपटॉपवर परत आणून, उघडून वाचून पाहा.