कीटकांची रुचिपरीक्षा

साखर गोड व कोयनेल कडू, हें कोणास सांगावयास नको. परंतु जिला आपल्यासारखी जीभच नाहीं त्या माशीस चव कशी कळते, असा प्रश्न वर्गांत निघाला, तेव्हां पुस्तक बाजूस ठेवून तिलाच विचारावें असें आम्हीं ठरविलें.

काडीच्या टोंकास मेण लावून माशीची पाठ त्यास चिकटविली व तिचे पाय साखरेच्या पाण्यास टेकविले. तत्काळ तिनें सोंड खालीं सोडली. मग एका विद्यार्थ्यानें नुसत्या पाण्यास पाय लावून पाहिले; तेव्हांही सोंड खालीं आली! क्षणभर आम्हीही गोंधळलों. विचार करितां चूक आमचीच ठरली. माशी तहानेली होती. तिला पोटभर पाणी पाजल्यावर नुसत्या पाण्याकडे तिनें लक्ष दिलें नाहीं. साखरेस मात्र सोंड पसरली, आणि त्याच साखरेंत कोयनेल मिसळतांच ती आंत ओढून घेतली. प्रयोगांत दुसऱ्या कारणास वाव ठेवूं नये, हा धडा त्या दिवशीं आम्ही माशीपासून शिकलों.

फुलपांखरें पायांनीं चव घेतात हें मिनिच यांनीं १९२१ सालीं दाखविलें. पुढें अमेरिकेंत डेथियर यांनीं माशीच्या भुकेचा अनेक वर्षें अभ्यास केला. माशीच्या पायांवर व सोंडेच्या टोंकास बारीक केस असतात. केसाच्या अग्रास सूक्ष्म छिद्र असून त्यांतून रस आंत शिरतो. आंतील ज्ञानतंतूंपैकीं एक गोडानें जागृत होतो, दुसरा कडूनें. गोडाचा तंतु ‘खा’ म्हणतो, कडूचा ‘थांब’ म्हणतो. शिवाय कित्येक कडू द्रव्यें गोडाच्या तंतूसही मंद करितात. भुकेल्या फळमाशीचा तराजू मात्र गोडाकडे झुकतो. तिची गोडाची जाणीव तीव्र होते व कडूची बोथट.

कडूपणा ही बहुधा विषाची सूचना असते. पण विषच गोडांत लपविलें तर? झुरळांकरितां विषारी आमिषांत ग्लुकोज घालीत. कांहीं वर्षांनीं अमेरिकेंतील कांहीं जर्मन झुरळें तें खाईनाशीं झालीं. उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं कारण प्रसिद्ध केलें: या झुरळांत ग्लुकोज कडूच्या तंतूसही जागृत करितें. फ्रुक्टोज तीं आवडीनें खातात. हें त्यांस कोणीं शिकविलें नाहीं. थोड्या झुरळांत हा भेद जन्मतःच होता. गोडास भुललेलीं मेलीं, हीं वांचलीं व यांचाच वंश वाढला. मात्र त्याची किंमतही पडली. विष नसलेलें ग्लुकोजयुक्त अन्न मिळालें, तर यांची वाढ इतरांहून सावकाश होते.

कीटकास तराजू जन्मतःच मिळतो, आणि झुरळांत तो बदलावयास पिढ्या खर्चीं पडल्या. मनुष्याची जीभही कोयनेलास ‘थांब’ म्हणते. तरी हिवतापांत लोकांनीं तोंड वाकडें करून तें घेतलें व जीव वांचविले. जिभेचा कौल ऐकावा, पण शेवटचा निर्णय ज्ञानाकडे सोंपवावा, हें आम्हांस शक्य आहे, माशीस नाहीं.