प्रिंटर ‘ऑफलाइन’ म्हणतो तेव्हा

जून लागला की आष्टीतल्या सेवा केंद्रांवर झुंबड उडते. कॉलेजच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, त्यातच पीककर्जासाठी सातबारा नि आठ-अ. वायफायवरचा प्रिंटर नेमका तेव्हाच अडतो. समोरचा माणूस साहूरहून नाहीतर अंतोऱ्याहून कामधंदा टाकून आलेला असतो. “भाऊ, प्रिंट काहून निघून नाही राह्यली?” हा त्याचा प्रश्न रास्त आहे. इथली यंत्रं सांभाळताना जे उमगलं, ते लिहितो.

१. आधी तुटलं कुठे ते शोधा. संगणकावर ‘ऑफलाइन’ दिसतं, म्हणून दोष संगणकात किंवा प्रिंटरात असेलच असं नाही. मोबाइल त्याच वायफायला जोडून पाहा. तोही जोडला जात नसेल तर राउटरकडे वळा. मोबाइल चालत असेल तर प्रिंटरच्या बटणांवरून नेटवर्कचा तपशील छापा. बहुतेक यंत्रांत ही सोय असते, पण तिकडे कुणी फिरकत नाही. त्या कागदावर वायफायचं नाव आणि आयपी पत्ता असतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने प्रिंटरला पत्ता दिलेलाच नाही. प्रिंटरने स्वतःच एक धरून ठेवला आहे.

२. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त खोळंबा पत्ता बदलल्याने होतो. लाइट जाते, येते, राउटर नव्याने पत्ते वाटतो. काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज ७ वर जाऊन बसतो आणि संगणक ५ वरच हाका मारत राहतो. प्रिंटर सुरू, वायफाय सुरू, तरी प्रिंट नाही. लोक अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. संगणकाला नवा पत्ता मिळतो, काम होतं, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच. कायमचा उपाय राउटरमध्ये आहे. प्रिंटरचा मॅक पत्ता तिथे नोंदवून त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवा आणि संगणकावर टीसीपी-आयपी पोर्ट त्याच आयपीचा करा. तो आकडा पट्टीवर लिहून प्रिंटरला चिकटवा. पुढे दुरुस्तीला दुसरा कुणी आला तर त्याला शोधत बसावं लागणार नाही.

३. लाइट आल्यावर आधी राउटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग प्रिंटर. राउटरला छोटा यूपीएस लावला तर हा प्रश्नच बराचसा संपतो. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर चढवू नका. आतला भाग तापताना तो एकदम फार वीज ओढतो.

४. राउटर बदलल्यावर प्रिंटर रुसला तर बँड बघा. कितीतरी प्रिंटरांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, आणि नवे राउटर २.४ व ५ एकाच नावाखाली चालवतात. दोन्हींना वेगळी नावं द्या. सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही. डब्ल्यूपीए२ सोबत ठेवा. २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना खुला आहे, त्यामुळे बाजारओळीत त्यावर दाटी असणारच. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा दिसेल तो घ्या.

५. जोडणी पूर्ववत करण्याआधी रांगेत अडकलेल्या प्रिंट रद्द करा. हे मी फार आग्रहाने सांगतो. अडल्यावर चार-चारदा बटण दाबलेलं असतं. संपर्क आला की सगळं एकदम बाहेर पडतं. त्यात कुणाचं आधार, कुणाचं बँक पासबुक. माणूस केव्हाच गेलेला असतो आणि त्याचे कागद ट्रेमध्ये उघडे. असे कागद निघालेच तर तिथल्या तिथे फाडा, पाठकोरे म्हणून वापरू नका.

६. यूएसबीची केबल टेबलाच्या खणात ठेवा. आधी रांगेतल्या माणसांना मोकळं करा, वायफाय संध्याकाळी बघता येईल.