दारी आलेला साप

मृग नक्षत्राच्या पहिल्या सरी कोसळल्या, की नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील काळी जमीन फुगू लागते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा बुजतात, उंदरांची बिळे पाण्याने भरतात, आणि त्यांच्या आश्रयाने राहणारा साप कोरडी जागा शोधीत बाहेर पडतो. गोदावरीला किंवा मांजरेला पूर आला म्हणजे काठच्या शेतांतही हेच घडते. अशा दिवसांत गोवऱ्यांच्या ढिगात, कडब्याच्या गंजीत, मोरीपाशी किंवा परसातील फुलझाडांच्या आळ्यात साप अकस्मात दृष्टीस पडतो. "साप! साप!" अशी आरोळी उठते, काठ्या घेऊन माणसे धावतात, आणि तो कोणत्या जातीचा आहे हे कळण्यापूर्वीच पुष्कळदा त्याचा अंत होतो.

वास्तविक साप माणसाशी वैर धरून घरात येत नाही; तो आपल्या भक्ष्याच्या मागावर येतो. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे साप. मराठवाड्यातील जुन्या माळवदांच्या घरांना दगडमातीच्या रुंद भिंती असत व त्यांच्या सांदीफटींत उंदीर, विंचू आणि साप यांना आयताच निवारा मिळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात अशी असंख्य घरे कोसळली आणि कित्येक गावे नव्या जागी वसली. घरांची बांधणी पालटली. परंतु अंगणातील सरपण, कडबा व धान्याची पोती राहिली आणि त्यांच्यामागोमाग उंदीर व सापही आले.

घराभोवती आढळणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण ही त्यांपैकीच एक होय. ती सहा-सात फूट लांब व चपळ असते, आणि शेतकऱ्याच्या धान्याची नासाडी करणाऱ्या उंदरांवर आपली उपजीविका करते. ती गाईच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, हा समज निराधार आहे. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. कवड्या नावाचा लहानसा साप पालींच्या शोधात भिंतीवर चढतो. त्याला मण्यार समजून भिणारे लोक पुष्कळ आहेत. कवड्याच्या अंगावरील पांढरट पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे याच्या उलट, शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात. मात्र एवढ्या ज्ञानाच्या बळावर कोणीही अनोळखी सापाला हात लावू नये.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप विशेष घातक आहेत. नाग फणा काढतो, घोणस मोठ्याने फूत्कारते, फुरसे अंगावरील खवले एकमेकांवर घासून करकर असा आवाज काढते. हे तिघे निदान इशारा तरी देतात. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेतच दंश करते. त्या दंशाची वेदना इतकी थोडी असते, की कित्येकदा माणूस जागाही होत नाही. पुढे पापण्या जड होतात, बोलणे अडखळते व श्वास मंदावतो. म्हणून पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजणे हिताचे असते.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांचे प्राण वाचू शकले असते. परंतु मांत्रिकाची वाट पाहण्यात, झाडपाला बांधण्यात आणि मंदिराच्या पारावर रोग्याला निजवून ठेवण्यात मोलाच्या घटका निघून जातात.

सर्पविषावरील खऱ्या औषधाची कथाही पुरापासूनच सुरू होते. १८९१ साली दक्षिण व्हिएतनाममध्ये पुरामुळे नाग एका गावात शिरले व अनेकांना दंश झाला. त्या वेळी सायगॉन येथे असलेले फ्रेंच वैद्य अल्बेर काल्मेत यांनी या विषाचा अभ्यास आरंभिला आणि १८९५ च्या सुमारास प्रतिविष सिद्ध केले. घोड्याला अत्यल्प प्रमाणात विष टोचून ते हळूहळू वाढवीत नेले, म्हणजे त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारे द्रव्य तयार होते. त्या रक्तापासून हे औषध बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने त्याच्या निर्मितीत मोलाची कामगिरी बजावली आहे. भारतात वापरले जाणारे प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर उपयोगी पडते.

म्हणून दंश होताच रोग्याला धीर द्यावा, त्याला चालू देऊ नये आणि दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. सापाला पकडण्यात वेळ दवडू नये. विनाविलंब शासकीय रुग्णालय गाठावे. साप नुसता दिसला असेल, तर मुलांना व गुरांना दूर करावे, दुरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि जाणत्या सर्पमित्रास किंवा वनखात्यास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे.

नागपंचमीला नागाची पूजा करावयाची आणि दुसऱ्या दिवशी दारी आलेल्या धामणीला ठेचावयाचे, ही विसंगती आहे. अंगण स्वच्छ ठेवणे, सरपण घरापासून दूर रचणे, भिंतीची भोके बुजविणे आणि अंधारात कंदील किंवा विजेरी घेतल्याविना पाऊल न टाकणे, यांत साप व माणूस या दोघांचेही रक्षण आहे. भय माणसाला काठी उचलावयास लावते. ज्ञान त्याला क्षणभर थांबून पाहावयास शिकविते.

अभ्यास

१. पावसाळ्यात साप घराजवळ का येतात?
२. कवड्या आणि मण्यार यांच्यातील फरक सांगा.
३. मण्यारीचा दंश विशेष धोक्याचा का असतो?
४. सर्पदंश झाल्यावर काय करावे व काय टाळावे, ते क्रमाने लिहा.
५. आपल्या घराच्या परिसरात सापांना आश्रय मिळेल अशा जागा कोणत्या आहेत? त्यांची यादी करून प्रत्येकीवर उपाय सुचवा.