औषधाची बाटली बदलू नका



काही घरांत फवारणीचे उरलेले औषध सरबताच्या बाटलीत ओतून ठेवतात. तहानलेले मूल ती बाटली सहज तोंडाला लावते.

कीटकनाशकाच्या मूळ डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे त्याच्या खालच्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : तांबडा अतितीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. तांबड्याच्या वर कवटी व हाडांचे चित्रही असते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा, म्हणून ही योजना आहे. हिरवा रंग असला तरी ते विषच, हे विसरू नये.

प्रत्येक विषावरचा उतारा निराळा असतो. तो डब्यावर किंवा आतील पत्रकात छापलेला असतो. औषध पोटात गेल्यास घरी ओकारी काढू नका. डबा व पत्रक बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. बाटली बदललेली असली, तर डॉक्टरांना विषाचे नावच कळत नाही.

म्हणून औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे व डब्याला भोके पाडावीत. त्यात तेल-पाणी कधीही भरू नये. देवाने आपल्या हाती सोपवलेली लेकरे जपणे हे आपले कर्तव्य आहे.